कंदीलपुष्प आणखी किती वर चढणार?

कातळसडा । २४ ऑगस्ट २०२५, रात्री ९:४०

काल डोंगरावरून आलो. पाय अजून बोलतायत, पण जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

अकोले-इगतपुरी पट्ट्यातल्या एका डोंगरावर गेली नऊ वर्षं मी दर पावसाळ्यात चार-पाच फेऱ्या मारतो. डोंगराचं नाव देत नाही, आणि कुणी ओळखलंत तरी कृपा करून प्रतिसादात लिहू नका. वरच्या माचीच्या काठाला, गवतात, कंदीलपुष्पाची छोटीशी वस्ती आहे. सेरोपेजिया म्हणतात ती, रुईच्या कुळातली. सह्याद्रीत तिच्या कितीतरी जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. फूल नसताना झाडाशेजारी बसून डबा खाल्लात तरी दिसणार नाही, गवताची काडीच वाटते. फूल आलं की मात्र नजर हलत नाही. बुडाशी फुगलेली एक नळी आणि वर पाच पाकळ्या, टोकाला एकमेकींना चिकटलेल्या, कंदिलाच्या काचेभोवतीच्या तारांसारख्या. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. चिलटाएवढी माशी आत उतरते आणि केसांमुळे तिला परत वर येता येत नाही. काही काळाने केस सुकतात, माशी सुटते आणि परागांच्या पिशव्या घेऊन दुसऱ्या कंदिलात जाते. २०१९ च्या सप्टेंबरात मी पोटावर झोपून एक फूल उन्हाच्या दिशेला निरखत होतो, तर फुगीर बुडात माशीची सावली गोल गोल फिरताना दिसली. पाऊण तास पाहत बसलो होतो. अंगाखालचं गवत भिजून शर्ट पाठीपर्यंत ओला झाला, तेव्हा भानावर आलो.

आता यंदाचं. मोसमी पाऊस २६ मे रोजी मुंबईत पोचला, एरवी ११ जूनला येतो. घाटावर तर त्याच्या आधीपासूनच पडत होता. जमिनीखालच्या कंदाला कॅलेंडर कळत नाही, ओल कळते. ७ जूनला वर गेलो तर कोंब चांगले चार बोटं वर आलेले. माझ्या वहीत इतक्या लवकरची नोंद नाही. फुलंही जुलैच्या शेवटी आली, ऐन झोडपणाऱ्या पावसात. काल पाहतो तर फुलं संपलेली आणि शेंग एकाही झाडाला नाही. एरवी या दिवसांत पहिली फुलं उघडत असतात, आणि सप्टेंबरअखेर जोडशेंगा शिंगांसारख्या उभ्या दिसतात.

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये हे मला कळतं. पण वाचतो तिथे लिहिलेलं असतं की तापमान वाढलं की डोंगरावरची झाडं वर सरकतात. मी साधा हिशेब केला. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे हवा १ अंशाने तापली तर तोच गारवा मिळवायला झाडाला दीडशे मीटर वर जावं लागेल. माझी वस्ती आहे १,३०० मीटरच्या आसपास. त्यावर डोंगर उरलाय जेमतेम शंभर मीटर, आणि तोही सगळा उघडा कातळ. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर. हिमालयातल्या झाडाला चढायला हजारो मीटर आहेत, आपल्याकडे डोंगराला माथाच सपाट.

मग ही झाडं जाणार कुठे? अभ्यास केलेल्यांनी आणि डोंगरात राहणाऱ्यांनी, दोघांनीही लिहावं.

---

धुक्यातली_वाट । २४ ऑगस्ट, रात्री ११:०५

धागा वाचून अंगावर काटा आला. वाचनखूण साठवली.

हिमालयाचं म्हणालात म्हणून. जोसेफ हूकर हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८४९-५० च्या सुमारास सिक्कीममध्ये फिरला, कुठलं झाड किती उंचीवर भेटलं ते त्याने टिपून ठेवलं. दीडशे वर्षांनी आपल्याच संशोधकांनी त्याच खोऱ्यांत जाऊन ताडून पाहिलं. प्रदेशनिष्ठ, म्हणजे फक्त त्याच प्रदेशात सापडणाऱ्या, अशा १२४ जाती तपासल्या, त्यातल्या ८७ टक्के जातींचा पट्टा सरकलेला होता. वर जाण्याचा वेग दर दशकाला सरासरी साडेसत्तावीस मीटर. मी सिक्कीममधल्या गोएचा-ला खिंडीच्या वाटेवर गेले होते तेव्हा हे वाचलेलं नव्हतं. आता पुन्हा जाईन तेव्हा त्या बुटक्या गुरासांकडे (ऱ्होडोडेंड्रॉनकडे) वेगळ्या नजरेने पाहीन.

आणि याच हूकरने आपल्या एका कंदीलपुष्पाचं शास्त्रीय वर्णन केलंय. सेरोपेजिया लॉई, हरिश्चंद्रगडावरची. मुंबई इलाख्यातल्या लॉ नावाच्या अधिकाऱ्याच्या नावावरून. ज्या माणसाच्या वह्यांमुळे सिक्कीमच्या झाडांचं सरकणं कळलं, त्यानेच नाव दिलेल्या आपल्या झाडाची उंची टिपून ठेवणारं तेव्हा इथे कुणी नव्हतं, याचं वाईट वाटतं.

---

हमणकंद । २५ ऑगस्ट, सकाळी ७:२०

दादा, डोंगर ओळखला. नाव लिहीत नाही.

आमच्याकडे याला हमण म्हणतात, काही जण खरपुडी म्हणतात. लहानपणी गुरं वळायला गेलो की काडीने उकरून कंद खायचो. गोडसर लागतो, पाण्याने भरलेला, तहान भागते. आज लाज वाटते, पण तेव्हा झाडं इतकी होती की संपतील असं कुणाच्या मनात आलं नाही. आणि आजी दम द्यायची, एका जागेवरचे सगळे उपटायचे नाहीत, फुललेल्याला हात लावायचा नाही.

तुम्ही हवामानाचं लिहिलंय ते खरं असेल. पाऊस बदललाय हे आमच्याइतकं कुणाला कळणार? भात कापायला घ्यावा तर पाऊस उभा, असं तीन-चार वर्षं चाललंय. पण मी अजून एक सांगतो. माचीवर आता गुरं जात नाहीत. पोरं नाशिकला कंपन्यांत गेली, म्हातारी माणसं चढत नाहीत. गुरं गेली तसं गवत कमरेएवढं झालं. तुमचं वीतभर झाड त्या गवतात श्वास कसा घेणार? आणि तेच गवत फाल्गुनात वणव्याला मिळतं.

---

ऊन_सावली । २५ ऑगस्ट, सकाळी १०:५०

हमणकंद यांना पूर्ण अनुमोदन. मला थोडं परखड लिहायचंय.

हवामानबदल हा शब्द फार सोयीचा झाला आहे. तो म्हटला की कुणाचीच जबाबदारी राहत नाही. डोंगरमाथ्यावर रस्ता, माथ्यावर गाड्या, सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिसॉर्ट, आणि झाड गेलं की म्हणायचं पृथ्वी तापली. नाशिकजवळच्या अंजनेरीचं उदाहरण घ्या. तिच्याच नावाचं कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, त्या सड्यावर वाढतं. २०१७ मध्ये तो डोंगर संवर्धन राखीव झाला. तरीही वर गाडीरस्ता न्यायचा घाट घातला गेला आणि नाशिकच्या निसर्गप्रेमींना त्याविरुद्ध उभं राहावं लागलं. त्या झाडाला अंशभर उष्णता पोचायच्या आधी जेसीबी पोचेल.

कासचंही तसंच. तारेचं कुंपण घातलं, गुरं थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याचं स्थानिक आणि जाणकार दोघंही सांगत राहिले, शेवटी कुंपण काढावं लागलं. आधी हे हातातले प्रश्न सोडवूया.

---

नकाशेवाली । २५ ऑगस्ट, दुपारी ३:३०

एम. एस्सी.ला मी हेच काम केलंय, दुसऱ्या एका डोंगरी वनस्पतीवर, म्हणून सविस्तर लिहिते.

वनस्पती भविष्यात कुठे जगू शकेल याचे जे नकाशे पेपरात छापून येतात ते कसे बनतात? झाड जिथे जिथे सापडलं त्या जागा गोळा करायच्या. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात आणि मुंबईत झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये वाळवलेले जुने नमुने आहेत, त्यांच्या चिठ्ठ्यांवरून बऱ्याच जागा मिळतात. मग त्या जागांचं हवामान घ्यायचं. जगभर वापरल्या जाणाऱ्या एका संचात असे १९ घटक असतात: वर्षाचं सरासरी तापमान, सर्वांत ओल्या तिमाहीचा पाऊस, सर्वांत कोरड्या महिन्याचा पाऊस वगैरे. मॅक्सएंट नावाची प्रणाली त्यातून शोधते की झाडाला नेमकं काय मानवतं. मग २०५० किंवा २०७० सालचं अंदाजित हवामान घालायचं आणि पाहायचं की मानवणारी जागा कुठे उरते.

आता यातली मेख. हा सगळा हिशेब साधारण एक किलोमीटर लांब-रुंद चौकोनात होतो. सह्याद्रीत एका किलोमीटरात काय काय येतं ते कातळसड्यांनी डोळ्यांपुढे आणावं. सडा, कडा, कड्याखालचा पदर म्हणजे अरुंद सपाट टप्पा, नळी म्हणजे उतारावरची घळ, कारवीचं रान. संगणकासाठी त्या सगळ्याचं तापमान एकच! दक्षिणेकडचा कातळ एप्रिलमध्ये तव्यासारखा तापतो आणि त्याच कड्याच्या उत्तरेच्या कपारीत दिवाळीनंतरही शेवाळ ओलं असतं. झाडाचं जगणं-मरणं त्या फरकात आहे आणि नकाशात तो फरक नाही. शिवाय जुन्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘खंडाळा’ किंवा ‘जुन्नरचे डोंगर’ लिहिलेलं असतं. खंडाळा म्हणजे कुठलं? घाटमाथा की घाटाचं बूड? दोन्हींत पाचशे मीटरचं अंतर आहे.

म्हणून मला ‘वर सरकणं’ हा प्रश्नच आपल्या डोंगरांना अपुरा वाटतो. आल्प्समध्ये किंवा सिक्कीममध्ये थंडी हा झाडाचा मुख्य अडसर आहे, तो हटला की झाड चढतं. आपल्या सड्यांवर थंडीपेक्षा ओलीचा हिशेब मोठा. पाऊस कधी सुरू होतो, मध्ये उघडीप किती दिवस, कंद पाण्यात बुडून राहतो का, परतीचा पाऊस शेंगा धरताना येतो की उकलल्यावर. तापमान मोजून एवढं सगळं कळत नाही. आणि ओल शोधायची तर झाड वर जाणार नाही, आडवं जाईल. उत्तरेच्या बाजूला, कड्याच्या सावलीत, कदाचित खालीसुद्धा.

ऊन_सावली, तुमचा राग समजतो, पण या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. जातीच्या वीस वस्त्या असतील तर एखादं वाईट वर्ष पचतं. रस्त्यांनी आणि उकरण्याने दोनच उरल्या असतील तर तेच वर्ष शेवटचं ठरतं.

---

बर्फाळ_मराठी । २५ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१५

झुरिकहून. नकाशेवालींचा आल्प्सचा मुद्दा अगदी बरोबर. इथे पिझ लिनार्ड नावाचं ३,४१० मीटरचं शिखर आहे. १८३५ मध्ये ओसवाल्ड हीर हा स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ माथ्यावर गेला तेव्हा त्याला तिथे एकच फुलझाड मिळालं होतं. आता तिथे १६ जाती मोजल्यात. युरोपातल्या ३०२ शिखरांच्या जुन्या-नव्या नोंदी जुळवणारा अभ्यास २०१८ मध्ये आला. त्यात, १९५७ ते ६६ या दशकाच्या मानाने २००७ ते १६ मध्ये नव्या जाती माथ्यावर पोचण्याचा वेग पाचपट निघाला. वरवर पाहता माथे समृद्ध होतायत. पण खालून येणाऱ्या धट्ट्याकट्ट्या झाडांपुढे मूळच्या इवल्याशा झाडांचं काय होणार, हीच इथल्या अभ्यासकांची काळजी आहे. तुमच्या गवताच्या गोष्टीवरून तेच आठवलं.

---

गच्चीवरची_बाग । २६ ऑगस्ट, सकाळी ८:००

मी अभ्यासक नाही. रोपवाटिकेतून रीतसर घेतलेली एक साधी, सहज मिळणारी जात सहा वर्षं कुंडीत वाढवते आहे. दोन गोष्टी अनुभवाच्या. कंद पाण्यात राहिला की सडतो, म्हणून मी कुंडीत निम्मी खडी घालते. आणि बी! शेंग उकलली की म्हातारीसारखं उडतं. ओल लागली की काही दिवसांत रुजतं, पावसाळ्याची वाट बघत बसत नाही. एकदा डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला तेव्हा शेजारच्या कुंड्यांतही इवली रोपं उगवली. जानेवारीत सगळी वाळून गेली, कारण कंद धरायला वेळच मिळाला नाही. डोंगरावर असं होत असेल तर?

---

नकाशेवाली । २६ ऑगस्ट, सकाळी ९:१०

ताई, हे फार मोलाचं लिहिलंत. मोठं झाड कंदाच्या जोरावर दोन-चार वाईट वर्षं काढतं, म्हणून आपल्याला वस्ती ठीक दिसते. पण रोपं जगत नसतील तर ती वस्ती म्हाताऱ्यांचं गाव झालेली असते. कातळसडा, तुमच्या वहीत रोपांची वेगळी मोजणी आहे का?

---

कातळसडा । २६ ऑगस्ट, रात्री १०:२५

नाही. नऊ वर्षं फुललेली झाडंच मोजली. आत्ता वाचून पोटात कालवलं. पुढच्या फेरीपासून रोपं वेगळी मोजेन.

पावसाबद्दल थोडं. मोसमी पाऊस राजस्थानातून परत फिरण्याची तारीख आपल्या हवामान विभागाने २०२० मध्ये बदलून १ सप्टेंबरची १७ सप्टेंबर केली. म्हणजे उशिरा परतणं आता नेहमीचंच झालंय हे सरकारी कागदावर आलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की १९५० ते २०१५ दरम्यान मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला, तो आठवा. अशा पावसात सड्यावरची बोटभर माती धुपून जाते. कंद रुततो तो त्या बोटभर मातीतच.

---

कपारीतलं_फूल । २७ ऑगस्ट, दुपारी १:४०

या चर्चेत शिंदळ माकुडीचं नाव यायलाच हवं. फ्रेरिया इंडिका, जगात फक्त महाराष्ट्रात, कड्यांच्या कपारीत. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलने तिला मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअरचं नाव दिलं. एकेकाळी जगातल्या सर्वांत धोक्यात असलेल्या बारा वनस्पतींच्या यादीत ती होती. छाट कलमाने इतकी सहज वाढते की परदेशी संग्राहकांच्या कुंड्यांमध्ये ती सुखात आहे, आणि शिवनेरीच्या, सज्जनगडाच्या कड्यावर तुरळक.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. आर. यादव यांनी कंदीलपुष्पांच्या जातींवर आयुष्य घालवलं. बागेत जाती जपल्या, रोपं करून परत डोंगरावर लावण्याचं कामही केलं. बाग हा विमा आहे, मला मान्य. पण बागेत ती माशी नसते. पाणी आपण पाईपने घालतो, झाडाला जून-ऑक्टोबरचं भान ठेवावं लागत नाही.

---

ऊन_सावली । २७ ऑगस्ट, रात्री ८:३०

नकाशेवाली, तुमचं दोन वस्त्यांचं म्हणणं पटलं. मी हवामानाला नाकारत नव्हतो, पण लिहिण्यात तसं झालं खरं. मग एक प्रश्न. आडवं जायचं म्हणता, तर ती जागा आधी ठाऊक हवी ना? संरक्षण आपण सड्याला मागतो, कारण फुलं सड्यावर दिसतात. उत्तरेच्या कपारींना आणि पदरांना कोण विचारतं? रस्ता सड्यावरून हटवला की तो बरोबर त्या पदरातून नेतात.

---

हमणकंद । २८ ऑगस्ट, सकाळी ६:५५

दादा, पुढच्या वेळी आमच्या घरी उतरा. माझा चुलता अजून चढतो. माचीच्या मागच्या अंगाला, पाणी झिरपतं त्या पदरात, त्याने हमण पाहिलाय म्हणतो. तिकडे कुणी ट्रेकवाला जात नाही, वाट नाही.

---

कातळसडा । २२ सप्टेंबर, रात्री ९:१५

जाऊन आलो. हमणकंदांच्या घरी रात्री नागलीची भाकर आणि कुर्डूची भाजी खाऊन पहाटे निघालो. काका पासष्टीचे असतील. पायात साधी चप्पल, हातात कोयता, आणि मी बूट घालून मागे धापा टाकत.

आधी माची. गवतात गुडघ्यावर रांगत दोन तास शोधलं. फुलणाऱ्या वयाची १७ झाडं, पानं पिवळी पडू लागलेली. रोपटं एकही नाही. गवतात लपली असतील अशी आशा ठेवतो, पण काकांचे डोळे माझ्यापेक्षा तेज आहेत आणि त्यांनाही दिसलं नाही.

मग काका मला मागच्या बाजूने एका घळीतून खाली घेऊन गेले. कारवी डोक्याच्या वर, पाय घसरत होते. माचीच्या साठ-सत्तर मीटर खाली एक अरुंद पदर आहे, उत्तरेकडे तोंड केलेला, जेमतेम दोन माणसं बसतील एवढा रुंद. कड्यातून पाणी ठिबकत होतं. तिथे झाडं होती. नऊ. त्यातल्या चारांना फुलं होती, २१ सप्टेंबरला, माचीवरची संपून निदान महिना होत आला तरी! एका झाडाला कोवळ्या शेंगांची जोडी, हिरवी, बोटाएवढी. आणि शेवाळात, नखाएवढ्या दोन-दोन पानांची, मी मोजली तेवढी सहा रोपं. भिंग लावून पाहिलं, काकांनाही दाखवलं. ते म्हणाले, हीच ती.

मला उड्या मारायच्या नाहीत. ही झाडं माचीवरून इकडे आली असं मी म्हणणार नाही. बहुधा ती कायमच तिथे होती आणि मी नऊ वर्षं उन्हातल्या, सोप्या, फोटो छान येणाऱ्या जागी मोजत बसलो. पण एकाच डोंगरावर, सत्तर मीटर खाली, ऊन कमी आणि ओल टिकून, तर फुलं सप्टेंबरात आणि शेंग धरलेली, हे डोळ्यांनी पाहिलं. नकाशेवाली, तुम्ही लिहिलं होतंत तसंच, आडवं आणि खाली.

आम्ही काहीही तोडलं नाही, उकरलं नाही. काकांना मी विचारलं की इथे कुणी कंद काढतं का. ते म्हणाले, आता पोरांना हमण ओळखूच येत नाही.

---

नकाशेवाली । २२ सप्टेंबर, रात्री १०:०२

वाचताना डोळे भरून आले. दोन छोटे डेटा लॉगर माझ्याकडे पडून आहेत, तापमान आणि दमट हवा दोन्ही नोंदवतात. एक माचीवर, एक पदरात ठेवूया, पुढच्या जूनपर्यंत. एक किलोमीटरच्या चौकोनात जे हरवतं ते निदान या एका डोंगरापुरतं आकड्यांत येईल. वनविभागाची लेखी परवानगी आधी घेऊया, अर्जाचा मसुदा मी करते.

---

ऊन_सावली । २३ सप्टेंबर, सकाळी ७:४०

अर्जावर सही करायला मी आहे. आणि त्या अर्जात सड्याबरोबर मागच्या पदराचाही नकाशा जोडा. नाव गुप्त ठेवा, पण वनविभागाला जागा ठाऊक हवी.

---

हमणकंद । २३ सप्टेंबर, दुपारी १२:३०

चुलत्याने विचारलंय, गुरं माचीवर नेली तर झाडाला चालेल का? दिवाळीनंतर, बी उडून गेल्यावर. दहा-बारा गुरं आहेत गावात अजून.

---

नकाशेवाली । २३ सप्टेंबर, दुपारी १:१५

काकांना सांगा, अर्ध्या माचीवर न्या, अर्धी तशीच ठेवा. पुढच्या पावसाळ्यात दोन्हीकडची रोपं मोजू. अर्जात हेही घालते.

---

कातळसडा । २३ सप्टेंबर, रात्री ९:५०

पदरातली शेंग नोव्हेंबरात उकलेल. परवानगी आली तर दुसऱ्या रविवारी, ९ तारखेला, लॉगर ठेवायला जाणार आहे. नाही आली तरी शेंग बघायला जाईनच. गाडीत दोघांची जागा आहे. रांगायची तयारी आणि जागेचं नाव पोटात ठेवायची तयारी, दोन्ही असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.